शनिवारी अधीक्षक नसतात

आमच्या कार्यालयात 'मी' या शब्दाला मज्जाव होता. सरकारने तसा आदेश काढलेला नव्हता. आदेश होता आमच्या अधीक्षकांचा, म्हणजे भाऊसाहेबांचा. कार्यालय नेमकं कुठलं ते सांगत नाही. रत्नागिरीत आहे, रस्ते, साकव म्हणजे ओढ्यांवरचे छोटे पूल, आणि इमारतींची कामं बघतं, आणि त्याच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, एवढं पुरे. बाहेरगावच्या लोकांना वाटतं की रत्नागिरीत प्रत्येक खिडकीतून समुद्र दिसतो. आमच्या खिडकीतून मागच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते.

मी तिथे आवक-जावकच्या टेबलावर नवीन लागले होते. येणाऱ्या कागदावर क्रमांक घालायचा आणि जाणाऱ्या कागदाची पाठवणी करायची, हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात एका फाईलवर मी ऐटीत लिहिलं, 'मी सदर प्रकरण तपासले.' फाईल परत आली. 'मी'भोवती लाल गोल होता आणि समासात बारीक अक्षरात दोनच शब्द होते, 'हे कोण?'

मी तरातरा त्यांच्या टेबलाशी गेले. "भाऊसाहेब, हे म्हणजे मी."

"मी म्हणजे?"

"मी म्हणजे मी. लांज्याची."

"मग लांज्याची बाई सरकारी कागदात काय करते गो?" त्यांनी शांतपणे विचारलं. "प्रकरण तपासण्यात आले, एवढंच लिहायचं. कोणी तपासलं ते खाली सहीत दिसतंच. वर आणखी कशाला मिरवायचं? देवळात जाताना चपला बाहेर काढतेस ना? तसा 'मी' बाहेर काढून यायचा."

"आणि तो चोरीला गेला म्हणजे?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नवीन पोरगी तोंडाची फटकळ आहे, ही नोंद त्या क्षणी त्यांच्या डोक्यात झाली असावी. "गेला तर चांगलंच," ते म्हणाले. "बऱ्याच जणांचा जायला हवाय."

आता हे लिहिताना या पानावर किती वेळा 'मी' आलाय ते बघते आणि हसू येतं. भाऊसाहेबांच्या हाती हा कागद गेला तर लाल शाई कमी पडेल.

ते स्वतः तर बोलतानाही 'मी' म्हणत नसत. फोन उचलला की, "अधीक्षक बोलत आहेत." चहा आला की, "अधीक्षकांना साखर कमी." आमचा शिपाई महाबिलंदर. तो त्यांच्याच चालीत म्हणायचा, "अधीक्षकांच्या चपलेचा अंगठा तुटला असल्याचं निदर्शनास आलं आहे." त्यावर भाऊसाहेब पायाकडे बघून गंभीरपणे म्हणायचे, "दुरुस्तीची कार्यवाही करण्यात येईल." आम्ही सगळे फिदीफिदी हसायचो. ते हसायचे नाहीत, पण त्यांना राग आलाय असंही कधी वाटलं नाही.

देहाने भरभक्कम माणूस. मान आणि खांदे यांत फारसा फरक नाही. गाव केळशी, म्हणजे घराच्या मागे समुद्र आणि पुढे बागा. पण या केळशीकराला पाण्याची आणि उंचीची विलक्षण भीती. लोक केळशीहून रत्नागिरीला यायला दाभोळला फेरीबोट धरतात. भाऊसाहेब चिपळूणचा वळसा घालून एसटीने यायचे आणि वर सांगायचे की रस्त्याला झाडं चांगली आहेत. कपाटावरची फाईल काढायला ते कधी स्टुलावर चढले नाहीत. जिना उतरताना एक हात भिंतीला असायचाच. हे सांगून ठेवते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

त्यांच्या रजेची गोष्ट आमच्याकडे अजून नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितली जाते. कर्मचाऱ्यांच्या रजा मंजूर करण्याचं काम काही दिवस त्यांच्याकडेच आलं होतं. मार्चअखेरीची धांदल चालू, आणि तिकडे केळशीला आंबा तयार. एका सकाळी भाऊसाहेब आपल्याच टेबलासमोरच्या, अभ्यागतांच्या खुर्चीवर येऊन बसले. तिथे बसून त्यांनी रजेचा अर्ज लिहिला आणि टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला. मग उठून, टेबलाला वळसा घालून स्वतःच्या खुर्चीवर बसले, अर्ज उचलला, दोनदा वाचला आणि शेरा मारला, 'कामाचा निपटारा बाकी असल्याने रजा नामंजूर.'

संध्याकाळी खिन्न होऊन म्हणाले, "रजा काही मिळाली नाही."

"कोणी नाही दिली?" मी मुद्दामच विचारलं.

"अधीक्षकांनी."

"मग भांडा की त्यांच्याशी!"

"भांडून उपयोग नाही. माणूस खडूस आहे," ते म्हणाले, "पण नियमाने बरोबर आहे."

वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, दुसऱ्या दिवशी केळशीहून फोन आला तो मीच घेतला. "तुमच्या त्या अधीक्षकाला सांगा," वहिनी कडाडल्या, "म्हणावं तुझ्या नावाचे आंबे माकडांनी खाल्ले." मी निरोप पोचवला. त्यांनी 'नोंद घेतली' म्हटलं.

हा नुसता विक्षिप्तपणा असता तर मी दोन दिवस हसले असते आणि विसरले असते. पण त्याच्या तळाशी एक विचार होता आणि तो त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचललेला नव्हता. त्यांचे आजोबा खोताचं कूळ. काही मागायचं झालं की खोताच्या अंगणात अनवाणी उभं राहायचं. खोत जेवला असेल तर एक उत्तर, जेवायचा असेल तर दुसरं. "माणूस वाईट नव्हता," भाऊसाहेब सांगायचे, "पण आजोबांचं पोट त्याच्या पोटावर अवलंबून होतं. कार्यालयात तसं नाही. इथे साहेब जेवला काय, उपाशी काय, नियम तोच. खुर्चीला चार पाय असतात गो, पण एकही धरावा लागत नाही."

सगळं जग नोकरशाहीला शिव्या घालतं. सरकारी ऑफिस म्हटलं की लाल फीत, उद्या या, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मीही घालत होते. भाऊसाहेब मात्र तिच्या बाजूने खम ठोकून उभे राहायचे. "शिमग्याला पालखी नाचवतात ती बघितलीस ना? खांदे सारखे बदलतात. दमला तो बाजूला होतो, दुसरा शिरतो. पालखी खाली टेकत नाही. कोणाचा खांदा आहे हे कोणी विचारत नाही, देवही विचारत नाही. कार्यालय म्हणजे पालखी. आपण खांदे."

"आणि अर्ज?"

"अर्ज म्हणजे गाऱ्हाणं."

कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगते. आमच्याकडे देवापुढे नुसते हात जोडून भागत नाही. गाऱ्हाणं घालावं लागतं. गावकार, म्हणजे गावाचा मान असलेला माणूस, दुसऱ्या कोणासाठी तरी देवाला मोठ्याने सगळी हकिकत सांगतो आणि मागणं मागतो. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेले लोक एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. भाऊसाहेबांचा मुद्दा असा, की गाऱ्हाणं घालणारा स्वतःसाठी कधी मागत नाही. त्याचं मागणं दुसऱ्याने मागायचं. म्हणून तिथेही 'मी' नाही. हे सांगून झालं की शिपाई मागून हळूच 'व्हय म्हाराजा' म्हणायचा.

अशा माणसापुढे एक दिवस पार्वतीकाकी येऊन उभ्या राहिल्या.

काकींची वाडी माझ्याच तालुक्यातली. लांज्याला महामार्ग सोडून बरंच आत गेलं की एक खोल पऱ्या लागतो. पऱ्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. अलीकडे रस्ता आणि गावाचं देऊळ, पलीकडे वरचीवाडी. वाडीतले बहुतेक पुरुष मुंबईला. मागे बायका, म्हातारी माणसं आणि गुरं. पाऊस सरला की सगळे मिळून पोफळीचे ओंडके पऱ्यावर आडवे घालतात, वेलींनी बांधतात आणि त्यावरून ये-जा करतात. पुढच्या पावसात ते वाहून जातात. मग पुन्हा घालतात. याला ते साकव म्हणतात.

काकींचा नवरा गावकार. सगळ्या गावाचं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. त्या ओंडक्यांवरून पाय घसरून तो खाली आपटला आणि त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, काठी धरून घरात, अंगणात चालू लागला. पण साकव काही त्याला ओलांडता येईना. देऊळ हाकेच्या अंतरावर, शिमग्याचे ढोल ओसरीवर ऐकू यायचे, आणि गावकार पलीकडे. गाऱ्हाणं दुसरंच कोणीतरी घालत होतं.

"पोरं म्हनतात, डोलीत घालून नेतांव," काकी माझ्या टेबलापुढच्या अर्ज घ्यायच्या खिडकीशी मला सांगत होत्या. "तर हे म्हनतात, देवाच्या दारी चौघांच्या खांद्यावरना जायाचा ता एकदाच. ता बी परतीचा न्हाय. तवर माज्या पायांनी जायाचाय. ता साकव तेवढा नीट करून द्या ओ बाय."

त्यांच्या अर्जात हेच लिहिलं होतं. 'आमच्या वाडीचा साकव दरवर्षी वाहून जातो, तरी तो दुरुस्त करून मिळावा.' कागद सरळ होता आणि सरळ कागदाचे सरकारात फार हाल होतात. अर्ज दुरुस्तीच्या टेबलावर गेला. तिथून शेरा आला, 'दप्तरी अशा साकवाची नोंद नाही. नसलेल्या साकवाची दुरुस्ती करता येत नाही. नवीन कामांकडे वर्ग.' नवीन कामांच्या टेबलावरून शेरा आला, 'अर्जदार साकव असल्याचे स्वतःच नमूद करतात. एका जागी दोन साकव देता येत नाहीत. दुरुस्तीकडे वर्ग.' ही दोन टेबलं एकमेकांना चिकटून होती. त्यांवर बसणारे दोघं एकाच डब्यातून जेवायचे. पण फाईल जायची ती माझ्याकडून, क्रमांक घालून घेऊन. पुढे फायली संगणकावर आल्या. तिथे ती आणखी जोरात फिरायला लागली, एवढाच फरक.

दोन्ही शेरे नियमाने बरोबर होते, हीच खरी गंमत. नाही, गंमत कसली? मला त्या फाईलचा संताप यायला लागला होता.

काकी पुन्हा आल्या तेव्हा मी म्हटलं, "काकी, सोपं आहे. नवीन अर्ज करा. लिहा की वाडीला साकव नाही, नवीन मिळावा. आमचा साकव, वाहून जातो, हे काही लिहू नका."

काकींचं तोंड एवढंसं झालं. मग कडक झालं. "न्हाय कसा लिवू? हाय आमचा साकव. सासऱ्यांनी घातला, आमी घालतांव. आख्खी वाडी खपते त्यात. न्हाय म्हनू?"

"कागदापुरतं हो."

"कागदापुरता खोटा बोलायला मी काय सरकार हाय?"

मागून भाऊसाहेबांचा आवाज आला. "बाई बरोबर बोलतायत. खोटा अर्ज घेण्यात येणार नाही." काकींना खुर्ची दिली गेली. फाईल मागवली गेली. ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून होईतो चहा निवला. मला वाटलं, आता पुन्हा 'वर्ग' होणार. पण त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आजोबांच्या खोताची गोष्ट सांगताना व्हायचा, थोडा तसा.

"हिला दोन नियमांच्या मध्ये उभं केलंय," काकी गेल्यावर ते म्हणाले. "खोत निदान एकच होता. हे जर कार्यालयाला सुटलं नाही, तर आजोबा अंगणातच उभे आहेत असं समजायचं." मग फाईल मिटून म्हणाले, "हा साकव मारावा लागेल."

"काय?"

"निर्लेखन."

निर्लेखन म्हणजे सरकारी वस्तू रीतसर मोडीत काढणं. मोडकी खुर्चीसुद्धा आम्हाला नुसती फेकता येत नाही. ती आहे, पण निकामी झाली आहे, असं लिहून दप्तरातून उतरवावी लागते. एकदा उतरली की तिच्या जागी नवीन मागता येते. भाऊसाहेबांचं म्हणणं असं: वरच्यावाडीचा साकव आधी दप्तरात चढवायचा, मग धोकादायक म्हणून उतरवायचा, मग नवीन बांधायचा. आधी जन्माची नोंद, मग मृत्यूची. कोणी खोटं बोलायचं नाही आणि कुठला नियम मोडायचा नाही.

अडलं ते जन्मापाशी. पाहणीला गेलेला आमचा शाखा अभियंता साताऱ्याकडचा, सज्जन मुलगा. त्याने लिहून दिलं, 'सदर ठिकाणी लाकडी ओंडके आढळून आले.'

"ओंडके नव्हे, साकव," भाऊसाहेब म्हणाले.

"भाऊसाहेब, आमच्याकडं साकव हा शब्दच नाही. मला तिथं लाकडं दिसली, लाकडं लिहिली."

"वरून चालत गेला होतात?"

"त्याच्यावरून? येड लागलंय का मला?"

"मग बरोबर. ज्यावरून माणूस जात नाही ते लाकूड. जातो तो साकव."

"गावची माणसं जातात की रोज," मी मध्ये तोंड घातलं.

"ते अर्जदार. त्यांचं म्हणणं अर्जात आलं. बाहेरचं कोणीतरी पाहिजे."

"मग अधीक्षकांनीच जावं!"

"अधीक्षकांना पाहणीचे अधिकार नाहीत." ते खिडकीबाहेरच्या पाण्याच्या टाकीकडे बघत राहिले. "उद्या वार काय गो?"

"शनिवार. सुट्टी."

"शनिवारी अधीक्षक नसतात," भाऊसाहेब म्हणाले.

म्हणजे ते स्वतः जाणार होते. त्यांची निवृत्ती तोंडावर आली होती. अधिकार नसताना ढवळाढवळ केली म्हणून कोणी चौकशी लावली तर पेन्शन अडकतं, हे आमच्याकडे शिपायालाही कळतं. मी तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि लांज्याची पहिली गाडी किती वाजता ते विचारलं.

शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गेले. नवरात्र उलटून गेलं होतं, वाडीने नुकताच साकव घातला होता. पऱ्याला अजून चांगलं पाणी होतं. भाऊसाहेब काठावर आले, खाली बघितलं आणि ताबडतोब वर बघितलं. चपला काढल्या, हातात घेतल्या, पुन्हा खाली ठेवल्या. पलीकडे काकी आणि वाडीतल्या बायका उभ्या होत्या. गावकारकाका चिऱ्यावर बसले होते, काठी दोन गुडघ्यांत.

भाऊसाहेब ओंडक्यांवर चढले. थोडे गेले आणि ऐन मध्यावर थिजले. पुढचा पाय उचलेना, मागचा वळेना. पोफळ त्यांच्या वजनाने कुरकुरत होती. मी अलीकडून "भाऊसाहेब, परत या" म्हणत होते आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. तेवढ्यात पलीकडून खणखणीत हाक आली.

"बा म्हाराजाऽऽ!"

गावकारकाका बसल्या जागेवरून गाऱ्हाणं घालू लागले होते. किती दिवसांत घातलं नव्हतं कोण जाणे. "ह्यो तुजा लेकरू रत्नांग्रीसून आलाय. कागद लिवनारा मानूस हाय, लाकडावर चालनारा न्हाय. त्याच्या पायाखालचा लाकूड हलाय नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बायका ओरडल्या. भाऊसाहेबांनी एक पाऊल टाकलं.

"त्याची नजर खाली जाया नको!"

"व्हय म्हाराजा!" दुसरं पाऊल.

"नजर गेलीच तर पानी दिसाय नको!"

"व्हय म्हाराजा!" आता अलीकडून मीही ओरडत होते. असे प्रत्येक पावलाला एक होकार घेत भाऊसाहेब पलीकडे पोचले आणि पोचल्याबरोबर मटकन खाली बसले.

मागोमाग मीही ओलांडून गेले. काकींच्या ओसरीवर चहा झाला. मग पोहे झाले. मग पुन्हा चहा. पुन्हा एकदा चहा मागितला तेव्हा माझ्या लक्षात आलं, माणसाला परत जायची भीती वाटतेय. अखेर गावकारकाकांनीच विचारलं, "सायब, परत घालू काय गाऱ्हाना?" भाऊसाहेबांनी लहान मुलासारखी मान हलवली.

सोमवारी कार्यालय उघडलं तर माझ्या खिडकीबाहेर लोकांच्या रांगेत, एका ठेकेदाराच्या माणसामागे, भाऊसाहेब उभे. मी म्हटलं, "आत या की." त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. त्यांचा नंबर आल्यावर त्यांनी एक कागद आत सरकवला. मीही मग सोडलं नाही. "नाव? पत्ता?" विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि मी कागदावर क्रमांक घातला. कागद वाचला तेव्हा मात्र थट्टा सुचेना. तो असा होता:

'मी गेल्या शनिवारी वरचीवाडी येथील साकवावरून चालत गेलो व चालत परत आलो. तो साकव आहे. तो धोक्याचा आहे. मला भीती वाटली.'

मग आत येऊन ते आपल्या खुर्चीवर बसले, कागद रीतसर त्यांच्यापुढे गेला, आणि त्यांनी त्यावर शेरा मारला, 'अर्जदार अधीक्षकांच्या परिचयाचे असल्याने निर्णय वरिष्ठ स्तरावर घेण्यात यावा.'

वरच्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. कागद त्यांच्या हातात होता. "भाऊसाहेब, हा 'मी' कोण?"

"अर्जदार, साहेब."

"विश्वासाचा माणूस आहे का?"

"अधीक्षकांना सांगता येणार नाही. परिचय आहे."

साहेब हसायला लागले, ते टेबलावर हात आपटून हसले. मग कागदाची शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि हसायचे थांबले. "इतके अहवाल वाचले," ते म्हणाले, "पण भीती वाटली असं कोणी लिहिलेलं पहिल्यांदा वाचतोय." आणि त्यांनी सही केली.

नंतर वरून भाऊसाहेबांना खुलासा विचारणारं पत्र आलंच. अधिकार नसताना पाहणी का केली? त्यांनी उत्तर दिलं, 'सदर दिवशी अधीक्षक कोणत्याही ठिकाणी उपस्थित नव्हते.' पुढे कोणी काही विचारलं नाही. काय विचारणार?

वरच्यावाडीचा साकव दप्तरात चढला, 'लाकडी, ग्रामस्थांनी श्रमदानाने घातलेला' म्हणून, आणि लगेच निर्लेखनात उतरला. काकींना फोन करून सांगितलं तर त्यांना निम्मंच ऐकू आल्यासारखं झालं. "म्हंजे आमचा साकव सरकारात लागला?"

"लागला, आणि लगेच मेला."

"मरंना का," काकी म्हणाल्या. "नाव लागला नव्हं?"

भाऊसाहेब निवृत्त झाले. निरोप समारंभात नारळ आणि शाल घेऊन ते एवढंच बोलले, "अधीक्षक निवृत्त होत आहेत. कार्यालय चालू राहील." काही जणांना ते कोरडं वाटलं. मला नाही वाटलं. पालखी दुसऱ्या खांद्यावर देताना कोणी भाषण करत नाही.

नवीन साकव झाला तो त्यांच्या मागे. काँक्रीटचा, दोन्ही बाजूंना धरायला लोखंडी पाइप. एका टोकाला काळ्या दगडावर मोठमोठी नावं, कोणाच्या हस्ते, कोणाच्या उपस्थितीत, आणि शेवटी, 'बांधण्यात आला.' शिमग्याला काकींनी आम्हाला दोघांनाही बोलावलं. भाऊसाहेब केळशीहून, अर्थात चिपळूणचा वळसा घालून, आले. दगडाजवळ थांबून त्यांनी तो सगळा वाचला. माझा मात्र जळफळाट झाला. मी म्हटलं, "बघा, कोणी बांधला त्याचं नाव नाहीच."

"छान लिहिलंय," भाऊसाहेब म्हणाले. ते अगदी मनापासून बोलत होते.

देवळाकडे ढोल सुरू झाले होते. अलीकडे सगळा गाव जमला होता. पलीकडून गावकारकाका निघाले, डोक्याला फेटा, एका हातात काठी, दुसरा हात पाइपवर. काकी मागे होत्या, पण त्यांनी हात लावायचा नाही असं बजावलेलं असावं. काका साकवाच्या मध्यावर आले आणि थांबले. तिथेच, जिथे ते ओंडक्यावरून पडले होते. त्यांनी खाली पाहिलं. पाइपवरचा हात पुढे सरकेना. कोणीतरी धावलं तर त्यांना ते खपलं नसतं. गाऱ्हाणं घालावं तर गावकार तेच, आणि स्वतःचं गाऱ्हाणं स्वतःला घालता येत नाही. ढोल थांबले.

माझ्या शेजारून आवाज आला. चढा, जरा कापरा, आणि सुरात मुळीच नसलेला.

"बा म्हाराजा! सदर इसम आज स्वतःच्या पायांनी आपल्या दारी हजर होत आहे!"

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग काकी त्यांच्या मागून ओरडल्या, "व्हय म्हाराजा!"

"वाटेत त्यांना कोणतीही अडचण येणार नाही, याची दक्षता घेण्यात यावी!"

"व्हय म्हाराजा!" आता सगळा गाव. काही जण हसत होते, काही डोळे पुसत होते, मी दोन्ही करत होते. काकांनी एक पाऊल टाकलं. मग पुन्हा थांबून, मान वर करून त्यांनी विचारलं, "कोन घालतंय रे गाऱ्हाना?"

मला वाटलं, आता 'अधीक्षक' ऐकू येणार. स्वतःसाठीचा दुसरा शब्द त्यांनी कागदावर एकदाच लिहिलेला मी वाचला होता, तोंडून कधीच ऐकला नव्हता.

"मी," भाऊसाहेब म्हणाले. "मी घालतोय. या."

आणि काका आले.